रविवारी येत नाहीये, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते आणि त्या "बरं"चा अर्थ मी पुढचे आठ दिवस लावत बसते. म्हणून लिहितेय. येत्या रविवारी मी हळदीकुंकवाला येत नाहीये. शनिवारी आम्ही लिंगाण्याला, रायगडासमोरच्या त्या सुळक्यावर चढायला निघतोय. पैसे भरून झालेत, सोमवारची रजाही टाकलीय. आता "जाऊ का?" विचारलं तर ते नाटक होईल.

दोन वर्षांपूर्वी तैलबैल्याच्या कातळभिंतीवर चढायला गेले तेव्हा "ऑफिसचं ट्रेनिंग" म्हणून सांगितलं होतं. बाबांनी माझ्या तळहाताचं सोललेलं कातडं बघितलं, काही बोलले नाहीत, आतून कैलासजीवनची डबी आणून समोर ठेवली. त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं झालं असतं. यावेळी आधीच सांगतेय.

बरोबर कोण, तर हॉस्टेलची आपली तीच चौकडी. आईचे अकरा मोदक खाऊन वर "अजून आहेत का" विचारणारा लंबू आहे. कॅनडावाली सहा वर्षांनी आलीय आणि पंधरा दिवसांत परत जाणार. ती म्हणाली, हॉटेलात बसून गप्पा नकोत, डोंगरात जाऊ. मलाही पटलं. आमच्यातल्या एकाची यंदा बायपास झाली, तो वर चढणार नाही. मोहरी गावात थांबून पिठलं-भाकरीची व्यवस्था बघेल. बाबा, बेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं तुमच्या मनात येणार. माझ्याही येतं. पण अजून पाच वर्षांनी गुडघे हो म्हणतील का, ते आईलाच विचारा.

आता घाबरू नका, नीट वाचा. शनिवारी संध्याकाळी वेल्ह्यावरून मोहरीला मुक्काम. रविवारी पहाटे अंधारातच निघून बोराट्याच्या नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, खाली उतरायचं. नाळेत दगडांचा खच आहे, तिथे पाय जपून टाकावा लागतो. मला विचाराल तर खरी धास्ती तिथलीच, सुळक्यापेक्षा जास्त. सुळक्याच्या कातळात बोल्ट ठोकलेले आहेत. सगळ्यात पुढे चढणारा एकेका बोल्टमध्ये दोर अडकवत जातो आणि खालचा माणूस त्याचा दोर धरून असतो. पाय सुटला तरी शेवटचा बोल्ट जितका खाली राहिला असेल त्याच्या दुपटीपेक्षा थोडंच जास्त खाली येतो माणूस, आणि दोर ताणला जाणारा असल्यामुळे झटका त्यातच जिरतो. शिवाय पुढे मी नाहीच. मी तिसरी, म्हणजे माझा दोर कायम वरून धरलेला. हेल्मेट आहे. मध्ये गुहा आहे, तिथे बसून खायचं. मोहोळाच्या माश्या वासाने चवताळतात म्हणून सेंट, अत्तर सगळं बंद. आई, तू दिलेली वाळ्याची कुपी घरीच ठेवून जातेय, रुसू नकोस.

आणि बाबा, हे खूळ लावलंत तुम्हीच. १९९१ ची दिवाळीची सुट्टी, आपण रायगडाला गेलो होतो. तेव्हा रोपवे नव्हता, साताऱ्याहून महाड, मग पाचाड आणि पुढे सगळ्या पायऱ्या. मी निम्म्या तुमच्या खांद्यावरून चढले असं आई सांगते. मला एवढंच आठवतं की गडावरच्या जगदीश्वराच्या देवळामागे उभं राहून तुम्ही दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावलीत आणि म्हणालात, "तो लिंगाणा. तिथे कैदी ठेवायचे." मी विचारलं, मग ते पळून का नाही गेले? तुम्ही हसलात आणि खिशातून लिमलेटची गोळी काढून दिलीत. गोळी खिशात वितळून कागदाला चिकटली होती. मी कागदासकट खाल्ली.

आई, हळदीकुंकवाचं. वाणाच्या ३५ स्टीलच्या वाट्या दादाबरोबर शुक्रवारी येतायत. प्लास्टिकच्या नाहीत, गेल्या वर्षीचं बोलणं लक्षात आहे माझ्या. तिळगूळ विकतचा आण. विकतचा म्हटल्यावर तू तोंड वाकडं करशील, पण पाक करत उभी राहू नकोस. शेजारच्या वहिनींशी मी बोललेय, त्या चारला येतील आणि पाया पडायला वाकणं-बिकणं त्याच बघतील. तू खुर्चीवर बसायचं. जांभळी पैठणी नेस, काठाला माझ्यासाठी पिन मारून ठेवली होतीस ती काढायला विसरू नकोस, टोचते. रथसप्तमी अजून लांब आहे. त्याच्या आत मी एक दिवस येते आणि तू मला एकटीला कुंकू लाव. वाटी नको, डब्यातला चिवडा दे.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी रात्री जेवणानंतर, "आज विसरलो, उद्या दोन घेतो" हा हिशेब चालणार नाही. रात्री उठलात की आधी दिवा, मग पाय खाली. बाथरूममध्ये दांडी बसवलीय ती टॉवेल वाळत घालायला नाही. गीझर बंद केला का, हे आईला विचारत बसू नका, स्वतः बघा.

रविवारी दिवसभर माझ्या फोनला रेंज नसेल. फोन लागला नाही म्हणून दादाला पिडू नका. अंधार पडायच्या आत मोहरीला परत, वेल्ह्याला पोचले की पहिला फोन तुम्हालाच. नऊ वाजून गेले तरी जेवायचे थांबू नका. थांबाल, माहीत आहे. निदान दूध-पोळी खाऊन घ्या.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, दुर्बीण कपाटात शोधत असाल तर शोधू नका. दिवाळीत न विचारता उचलली मी. वर गेल्यावर समोर रायगडच दिसतो म्हणतात. डाव्या काचेवरची बुरशी पुसून घेतलीय.