तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

सांगली

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

लेकीकडे जर्मनीत लाइपझिगला जाऊन आलो, हे तुला फोनवर सांगितलंच. पण तिकडे पाहिलेली एक गोष्ट फोनवर सांगवेना. भट्टीवर वाढलेल्या माणसालाच ती कळेल.

नेटश्काउ गावाजवळ गोल्च नदीच्या खोऱ्यावर रेल्वेचा पूल आहे. विटांनी बांधलेला जगातला सर्वांत मोठा. 574 मीटर लांब, 78 मीटर उंच, कमानींवर कमानी असे चार मजले. खालची नदी मात्र आपल्या कृष्णेपुढे ओढाच. गाडीतून जाताना काही कळत नाही, म्हणून खाली उतरून चालत गेलो आणि मान वर करून कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो.

2 कोटी 60 लाख विटा, दत्ता! तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. आपली लाखाची भट्टी, हंगामात दोनदा लागायची. म्हणजे अण्णांना 130 वर्षं लागली असती. तिथे 1846 मध्ये पाया घातला आणि 1851 मध्ये पूल पुरा झाला. मार्गालगतच्या वीसेक भट्ट्यांतून दिवसाला 50 हजारांपर्यंत विटा निघत. वीटच का, तर माती जवळ होती आणि दगडापेक्षा काम स्वस्तात, लवकर होणार होतं. अण्णाही आधी माती बघायचे, मग भट्टीची जागा ठरवायचे.

या पुलासाठी 81 आराखडे आले होते, पण रेल्वेचा भार पेलेल हे एकालाही गणितानं दाखवता आलं नाही. शेवटी परीक्षकांचे प्रमुख, ड्रेस्डेनचे प्राध्यापक योहान आंद्रेआस शुबर्ट यांनी स्वतःच आराखडा केला. काम सुरू झालं आणि खोऱ्याच्या मधोमध जमीन कच्ची निघाली. मग तिथल्या लहान कमानी रद्द करून मोठ्या घातल्या. मला तर पुलाचा तोच भाग सगळ्यांत देखणा वाटला. अडलेल्या जागी इतकं सुंदर काही सुचावं!

पण या कामात 31 माणसं गेली, हे वाचलं आणि तुझे बाबा डोळ्यांसमोर आले. भट्टी उतरवताना त्यांचा पाय भाजला होता, ती दुपार. आपण दोघं रिकाम्या गाडीखाली लपून रडत होतो. त्यांनी थापलेल्या विटांची घरं गावात अजून उभी आहेत. त्या घरांतल्या कुणाला त्यांचं नावही माहीत नसेल. त्या 31 जणांचंही तसंच झालं असणार.

मी पुलाच्या खांबाजवळ गेलो. त्यांची वीट आपल्यापेक्षा मोठी, 28 सेंटिमीटर लांब. बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली, अण्णा वाजवायचे तशी. तेवढ्यात वरून गाडी गेली, त्यामुळे आवाज नीट ऐकू आला नाही. मग ती जाईपर्यंत थांबलो आणि पुन्हा वाजवली.

दिवाळीत ये. शेवटच्या भट्टीतली एक वीट मी परसात जपून ठेवली आहे. तिच्या कडेला अंगठा उमटलाय. अण्णांचा की तुझ्या बाबांचा, ते तूच बघून सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विश्वास