पंचनाम्यात दिसणारे पाणी खरेदीखतात का दिसत नाही?

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नदीकाठच्या गावांतील घरांच्या मिळकत पत्रिकेवर व सातबाऱ्यावर पूर्वीच्या महापुरांच्या पाण्याची नोंद घेण्याबाबत.

महोदय,

मी कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमापासून जवळ असलेल्या एका गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. नोकरीची सारी वर्षे भाड्याच्या घरांत काढल्यावर २०१७ साली, निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम आणि थोडे कर्ज यांची जुळवाजुळव करून आम्ही पती-पत्नींनी येथे घर विकत घेतले. गावाचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. त्याचे कारण पत्राच्या शेवटी आपल्या लक्षात येईल.

येथे घर घ्यावे असे कोणाला का वाटते, हे आधी सांगितले पाहिजे, कारण 'नदीकाठी राहायला जाताच कशाला' असा प्रश्न आम्हाला दर पुरानंतर शहरातील नातेवाईक विचारतात. ही काळ्या मातीची, उसाची आणि दुधाची संपन्न पंचक्रोशी आहे. नृसिंहवाडी, जिला आम्ही नुसतेच 'वाडी' म्हणतो, तेथील दत्तमंदिर आणि घाट, पंचगंगेच्या पुलापलीकडचे कुरुंदवाड, खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर, हे सारे दुचाकीवरून सहज जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. कोल्हापूर किंवा सांगलीत ज्या पैशांत दोन खोल्यांचा फ्लॅट मिळतो, त्या पैशांत येथे परसदारासह घर होते. पाण्याचे भयही येथल्या माणसाच्या मनात निराळ्या रीतीने वसलेले आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी वाडीच्या मंदिरात शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागते, तेव्हा त्याला 'दक्षिणद्वार सोहळा' म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी दूरदूरहून लोक येतात. ज्या गावात पुराच्या पाण्याचाही सोहळा होतो, तेथील माणसाला 'नदीपासून लांब जा' असे सांगून भागणार नाही. मात्र पाणी कोठवर येते, हे घर घेणाऱ्याला घर घेण्यापूर्वी कळले पाहिजे. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

घर घेताना माझ्याकडून हयगय झाली, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. वकिलामार्फत तीस वर्षांचा शोध अहवाल काढला. मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोनचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, मंजूर नकाशा, सारे तपासले. कोणाचा बोजा नाही, वारसांचा वाद नाही, न्यायालयात दावा नाही. तळमजल्यावरील खोल्यांच्या भिंतींना खालपासून साधारण खांद्याच्या उंचीपर्यंत ताजा ऑइलपेंट दिलेला होता आणि त्यावर साधा चुना होता. 'भिंती पुसायला बरे पडते,' असे विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितले, आणि मला ते पटले. पुराबद्दल मी विचारले नाही असे नाही. 'पाणी गावात येते, पण आपल्या गल्लीला नाही,' असे उत्तर मिळाले. दोन-तीन सरकारी कार्यालयांतही मी चौकशी केली. त्यांची नावे येथे देत नाही, कारण तेथील कर्मचाऱ्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्यासमोरच्या दप्तरात त्या माहितीसाठी रकानाच नव्हता. एकाने तर आपुलकीने सल्ला दिला की, गुरुजी, जुन्या लोकांना विचारा. जुन्या लोकांनी जे सांगितले ते त्यांच्या-त्यांच्या घरापुरते खरे होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या तळमजल्यावर जवळजवळ खांद्याइतके पाणी चढले आणि आठवडाभर उतरले नाही. येथला पूर डोंगराळ भागातल्या लोंढ्यासारखा नसतो. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी संगमापाशी अडते, त्याला फुगवटा येतो, आणि ते मागे सरकत सरकत नदीकाठच्या मळीच्या शेतांतून, ओढ्यांतून, शेवटी गटारीच्या तोंडातून उलटे वर येते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी कानावर आली की येथे लोक सामान माळ्यावर चढवू लागतात. पाणी सावकाश येते, म्हणून जीव वाचतो. पण सावकाश येणारे पाणी सावकाशच जाते, आणि घराचे खरे नुकसान त्या मुक्कामात होते. आमच्या काळ्या मातीत पाया फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. पाणी ओसरल्यावर कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात, भिंतींना लोणा लागतो, दारे चौकटीत बसत नाहीत. २०२१ च्या जुलैअखेर हे सारे पुन्हा एकदा झाले.

महोदय, मला जे सांगायचे आहे ते २०१९ चा पूर ओसरल्यानंतरच्या एका दिवसाचे आहे. चिखलाने भरलेल्या आमच्या घरात पंचनामा करण्यासाठी आपल्याच विभागाचे कर्मचारी आले. ते बिचारे स्वतः चार रात्री झोपलेले नव्हते. त्यांनी भिंतीवरील चिखलाची रेघ टेपने मोजली, कागदावर उंची लिहिली, घराचा क्रमांक लिहिला, माझी सही घेतली. मग त्यांच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ सहज बोलून गेले की, या घराचा २००५ सालीही पंचनामा झाला होता, ते त्या यादीत आहे. मी त्या ऑइलपेंटकडे पाहिले. चिखलाची रेघ त्याच्या वरच्या कडेपासून दोन बोटे खाली होती.

म्हणजे ही माहिती शासनाकडे नव्हती असे नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांनंतर महसूल यंत्रणेने घरोघर जाऊन पंचनामे केले, याद्या केल्या, त्या याद्यांवरून सानुग्रह अनुदान वाटले. मिळकतींचे अभिलेख ठेवणारा भूमी अभिलेख विभाग आपल्याच अखत्यारीत आहे, आणि खरेदीखत नोंदवून मुद्रांक शुल्क घेणारा नोंदणी व मुद्रांक विभागही आपल्याच अखत्यारीत आहे. एकाच मंत्र्यांच्या हाताखालील एका दप्तराला पाणी दिसते आणि दुसऱ्या दोघांना ते दिसत नाही. घर बुडाल्यावर त्याला मदत देण्यासाठी जी यादी विश्वासार्ह मानली जाते, ती घर विकले जात असताना कोणी उघडत नाही.

यावर पूररेषांचे उत्तर दिले जाईल, म्हणून त्याविषयी लिहितो. जलसंपदा विभाग ज्या नद्यांच्या पूररेषा आखतो, तेथे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा असते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांच्या दरम्यान जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर परवानगी मिळते. ही व्यवस्था नवे घर बांधणाऱ्यासाठी आहे. आधीच उभे असलेले, तीन वेळा रंगवलेले घर विकत घेणाऱ्याला ती काहीही सांगत नाही. शिवाय '२५ वर्षांतून एकदा' हे शब्द सामान्य माणसाची दिशाभूल करतात. 'आताच पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निश्चिंत' असे मी कित्येकांच्या तोंडून ऐकले आहे. मी गणिताचा शिक्षक होतो, म्हणून सांगतो : त्या शब्दांचा अर्थ दरवर्षी शेकडा ४ इतकी शक्यता असा आहे, आणि २० वर्षांच्या गृहकर्जाचा काळ धरला तर त्या मुदतीत निदान एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता शेकडा ५६ च्या आसपास जाते. ज्याला शंभर वर्षांचा पूर म्हणतात, त्याचीही तेवढ्याच काळातील शक्यता शेकडा १८ भरते. हप्ता फेडणाऱ्याला हे आकडे माहीत असणे त्याच्या हक्काचे आहे.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या सावधगिरीने न कळणारा मिळकतीतील महत्त्वाचा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण हे सिद्ध करायला घेणाऱ्याने दिवाणी न्यायालयात किती वर्षे घालवायची? नव्या बांधकाम प्रकल्पांसाठीच्या रेरा कायद्याचे संरक्षण म्हणावे, तर ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला त्याची नोंदणी सक्तीची नाही, आणि आमच्यासारख्या गावांत त्याहून मोठी इमारत क्वचितच उभी राहते. जुन्या घराच्या व्यवहाराचा तर रेराशी संबंधच नाही. मुंबई-पुण्याकडे पाहून केलेले कायदे आमच्या वेशीपर्यंत येतात आणि तेथेच थांबतात.

आता हरकतीबद्दल. अशी नोंद झाली तर घरांच्या किमती पडतील, बँका कर्ज देणार नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावठाणात राहणाऱ्या कुटुंबांच्या हातात विकताही येणार नाही असे घर उरेल, ही भीती खोटी नाही. २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये निळ्या-लाल रेषांना जो विरोध झाला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती, आणि नदीतला गाळ आधी काढा मग रेषा आखा, हे तेथील लोकांचे म्हणणे मला रास्तच वाटते. म्हणूनच मी आपल्याकडे नवी मनाई मागत नाही. मनाई ही उद्याविषयी असते, तिच्याबद्दल तज्ज्ञांत आणि नागरिकांत मतभेद होणारच. मी मागतो आहे ती काल काय घडले याची नोंद, जिच्याविषयी मतभेदाला जागा नाही, कारण ती आपल्याच कर्मचाऱ्याने टेप लावून घेतलेली आहे आणि तिच्याखाली घरमालकाची सही आहे. किंमत पडायचीच असेल, तर ती आज पुरानंतरच्या सहा महिन्यांत पडते आणि मग नव्या रंगाबरोबर पुन्हा चढते. तो चढउतार ज्याला आतली माहिती आहे त्याच्या फायद्याचा आणि बाहेरून येणाऱ्याच्या तोट्याचा असतो.

माझी पहिली आणि मुख्य विनंती अशी की, २००५, २०१९ व २०२१ च्या पंचनाम्यांवरून, आणि यापुढे प्रत्येक पुरानंतर, संबंधित मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्याच्या इतर अधिकारांच्या रकान्यात पुराचे वर्ष आणि जमिनीपासून पाण्याची उंची एवढ्या दोनच गोष्टी नोंदवाव्यात. स्वामित्व योजनेत खेड्यांच्या गावठाणांचे ड्रोनने मोजमाप होऊन नव्या मिळकत पत्रिका तयार होत आहेत. नवा कागद छापतानाच त्यावर एक ओळ वाढवणे जुना कागद दुरुस्त करण्यापेक्षा सोपे आहे. याच्या जोडीला, पूरग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या गावांतील खरेदीखतात विकणाऱ्याने पाण्याविषयी एक वाक्याचे निवेदन करणे आवश्यक ठरवावे, म्हणजे कलम ५५ ला कागदाचा आधार मिळेल. चौकाचौकांत पाण्याच्या उंचीचे दगडी खांब रोवावेत अशीही एक सूचना मनात होती, पण ते काम आमची गावेच करू शकतील. त्यासाठी मंत्रालयाला तसदी देण्याचे कारण नाही.

नोंद असली तर घेणारा माणूस पळूनच जातो असेही नाही. मला २०१७ मध्ये खरे कळले असते, तर कदाचित हेच घर मी घेतले असते. पण तळमजल्यावर स्वयंपाकघर केले नसते, विजेची बटणे वर घेतली असती, जिन्याखालच्या कपाटात चाळीस वर्षांची पुस्तके ठेवली नसती, आणि पुराचे संरक्षण असलेला घराचा विमा पहिल्याच वर्षी उतरवला असता. किंमतही थोडी कमी करून मागितली असती, हे कबूल करायला हवे.

कर्नाटकातील अलमट्टी धरणाची उंची, धरणांतून सोडायच्या पाण्याचे वेळापत्रक, पुलांच्या भरावांनी अडणारे पाणी, हे प्रश्न मोठे आहेत आणि त्यांवर दोन राज्यांत वाद चालू आहेत. ते सुटेपर्यंतही येथे घरे विकली जातच राहतील.

आमच्या शेजारचे घर सध्या विकावयाचे आहे. गेल्या महिन्यात एक तरुण जोडपे ते पाहायला आले होते. दोघेही जवळच्या शाळांत शिक्षक, कडेवर लहान मुलगी. भिंतींना नवा रंग होता. परत निघताना त्या मुलाने फाटकाशी थांबून मला विचारले, "काका, इथं पाणी येतं का?" मी त्यांना घरात बोलावले आणि आमच्या जिन्याजवळची भिंत दाखवली, जिच्यावरील २०१९ ची रेघ मी रंगाऱ्याला पुसू दिलेली नाही. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले, मग आभार मानून निघून गेले. त्या संध्याकाळपासून माझे शेजारी माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

आपला नम्र,
एक घरमालक,
तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर.