शर्ट कुजला, शिवण उरली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुन्या घरगुती वस्तूंपासून फुलवलेल्या बागांचे फोटो आले होते. टायरात झेंडू, बुटात निवडुंग, फुटक्या बाथटबात गुलाब. फोटो झकास होते. पण ते बघताना सारखं मनात येत होतं की हे सगळं कालच मांडलेलं दिसतंय. दोन-तीन वर्षं पाऊस-ऊन खाल्लेली एकही वस्तू त्या पानावर नव्हती.

मी शिवणकाम करते. घरामागे पाऊण एकराचा तुकडा आहे, आणि घरातली कुठलीही वस्तू फेकायला माझा हात धजत नाही. या सवयीपायी त्या तुकड्यानं बरंच सोसलं आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात माझ्या धंद्यातल्या वस्तूनं करते. घरातले विरलेले आठ-दहा सुती शर्ट मी एकदा खताच्या खड्ड्यात टाकले. सूत झाडाचं, मातीतून आलेलं मातीत जाईल, असा सरळ हिशोब. सहा महिन्यांनी फावडं घातलं तर त्याला दोरे गुंडाळून आले. हळूहळू ओढत गेले आणि अख्खा शर्ट बाहेर आला, म्हणजे शर्टातलं कापड सोडून बाकी सगळं. खांद्याची शिवण, बगलेची शिवण, काजांचे गोट, कॉलरीच्या कडेची दुहेरी टीप, सहा बटणं आणि मानेमागचं लेबल. माती झटकून मी तो दोरीवर वाळत घातला तेव्हा घरचे हसले, पण मला काही हसू येईना. कापड सुती असलं तरी रीळ पॉलिस्टरचं असतं, कारण सुती दोरा मशीनच्या वेगाला तुटतो. हजारो शर्ट मी स्वतः त्याच दोऱ्यानं शिवलेत, आणि खड्ड्यात टाकताना नेमकं तेच विसरले.

स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना आणि हौशी बागवाल्यांना चक्क सुती चड्ड्या मातीत पुरायला दिल्या होत्या. ठरावीक दिवसांनी उकरून काढायच्या आणि कापड किती खाल्लं गेलं यावरून मातीतल्या जिवांचा अंदाज घ्यायचा. माती जिवंत असली की इलॅस्टिक आणि शिवण तेवढी हाती लागते. म्हणजे माझा शर्ट वाया गेला नाही म्हणायचा, माझी माती परीक्षेत पास झाली.

आता कापड खड्ड्यात जाण्याआधी माझ्या हाताखालून जातं. शिवणी कात्रीनं कापून काढते, बटणं डब्यात, बकरम म्हणजे कॉलरीतलं ताठ अस्तर कचऱ्यात. कापड कशाचं आहे याची शंका आली तर शिंप्याची जुनी परीक्षा करते. कडेचे दोन-चार धागे उसवून चिमट्यात धरायचे आणि काडी लावायची. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही दिसतं, थोडी राख आणि थोडा मणी. मणी झाला की ते कापड मातीत नाही.

मग ते कुठं? तर जिथं कुजणं नकोच आहे तिथं. कुंडीच्या तळातून एक वात खाली पाण्याच्या डब्यात सोडली की झाड आपल्याला लागेल तसं पाणी ओढून घेतं, हे पुष्कळांना माहीत आहे. पण वात सुती घेतली तर ती काही महिन्यांत मातीत सडते आणि वरचं झाड निमूटपणे वाळतं. तिथं लोकरीसारख्या कृत्रिम धाग्याच्या जुन्या स्वेटरची वेणी घालते. ती आधी भिजवून घ्यायची, कोरडी वात पाणी धरत नाही. आणि डबा कुंडीच्या अगदी खाली हवा, हातभर खोल ठेवलात तर पाणी वर चढणार नाही. ताणणाऱ्या जुन्या लेगिंग्जच्या पट्ट्या टोमॅटोचं खोड काठीला बांधायला फार चांगल्या. आठच्या आकड्यासारखा वेढा द्यावा, म्हणजे काठी आणि खोड एकमेकांना घासत नाहीत, आणि खोड जाड झालं की पट्टीही ताणते. सुतळी मात्र खोडात रुतते.

तणावर जुना गालिचा अंथरावा असं एके काळी सर्रास सांगायचे. मीही अंथरला. तण मेलं हे खरं, पण उचलताना गालिच्याखालचा फोम हातात चुरा होऊन आला आणि रंगीत तंतू अजूनही वाफ्यात सापडतात. त्यापेक्षा खोक्याचा पुठ्ठा बरा. चिकटपट्टी आणि पिना काढायच्या, भिजवायचा, कडा एकमेकांवर चढवून अंथरायचा आणि वरून पालापाचोळा टाकायचा.

आता माठाविषयी, कारण तिथं माझी फजिती जास्त झाली. भाजलेल्या मातीचा, बिनझिलईचा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्यानं भरला की त्याच्या अंगातून पाणी पाझरत राहतं. भोवतीची माती कोरडी असेल तर ती पाणी ओढते, ओली असेल तर पाझर आपोआप मंदावतो. ही युक्ती चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात लिहून ठेवलेली आहे. मी वाचलं आणि घरातला निकामी झालेला माठ काकडीच्या वेलांमध्ये पुरला. आठ दिवस झाले तरी माठ काठोकाठ आणि काकडी माना टाकून.

कारण साधं होतं. माठ निकामी का झाला होता? तर पाणी थंड होत नव्हतं म्हणून. पाणी थंड होतं ते माठाला घाम सुटून बाहेरचं पाणी उडतं त्यामुळे. वर्षानुवर्षांच्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजली होती. जो माठ ओट्यावर घामेजत नाही तो जमिनीत काय पाझरणार! उकरून काढला, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवला, ताठ ब्रशनं आतून-बाहेरून घासला. भरून कट्ट्यावर ठेवला तर संध्याकाळपर्यंत बाहेरून ओलसर झाला, तेव्हाच पुन्हा पुरला. नव्या माठाइतका पाझर आला नाही, पण काकडीचं भागलं. हंगाम संपल्यावर काढला तर माठाच्या पोटाला वेलाच्या मुळ्यांनी असं जाळं विणलं होतं की ते सोडवायला उसवणी घेऊन बसावं लागलं. रंग दिलेला किंवा झिलईचा माठ या कामाचा नाही. तोंडावर घट्ट बसणारी ताटली हवी, नाहीतर पाणी उडून जातं आणि डास होतात.

डासांवरून टायर. एशियन टायगर नावाचा डास १९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टनला आढळला, तो बाहेरून आलेल्या जुन्या टायरांतून शिरला असं मानतात. त्याची अंडी टायराच्या आतल्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जगतात, आणि पाणी मिळालं की आठवड्या-दीड आठवड्यात डास उडायला तयार. बागेत उभा टायर ठेवायचा तर खालच्या बाजूला मोठी भोकं पाडल्याशिवाय ठेवू नये, आणि आडवा असेल तर मातीनं पार कडेपर्यंत भरावा. दुसरं म्हणजे रबर पक्कं करायला त्यात झिंक ऑक्साइड घातलेलं असतं, आणि रबर मऊ करणाऱ्या तेलांतली काही घातक संयुगं इतकी की युरोपीय संघानं २०१० पासून नव्या टायरांत त्यांवर मर्यादा घातली. घराघरांत पडलेले टायर बहुधा कोणत्या सालचे असतात ते आपणच बघा. माझ्याकडे टायरात फुलं असतात. खायचं काही लावत नाही.

हाच नियम मी जुन्या रंगवलेल्या लाकडाला लावते. अमेरिकेनं घरगुती रंगातल्या शिशावर बंदी घातली ती १९७८ साली, इतर अनेक देशांनी त्याहून पुष्कळ उशिरा. आजीच्या काळच्या दाराचे पोपडे गाजराच्या वाफ्यात झडायला नकोत. तसलं दार वेल चढवायला भिंतीशी उभं करावं, तेही फुलांचा वेल, आणि पॉलिश पेपरनं घासत बसू नये, ती धूळ सगळ्यात वाईट.

औषध फवारणीच्या रिकाम्या डब्याबद्दल मी वाद घालत नाही. तीनदा खळबळून, भोक पाडून तो गोळा करणाऱ्यांकडे द्यायचा. त्यात पाणी नाही, दाणा नाही, रोपही नाही. आपल्या फोटोंत एका निळ्या डब्याचं झाकण दिसत होतं, त्यावर कवटीचं चिन्ह आहे का हे मी भिंग लावून पाहिलं. छपाई पुसट होती.

पाण्याच्या गळक्या नळीचं मी ठिबक केलं होतं. वीस मीटर नळी, तापवलेल्या सुईनं वीतभर अंतरावर भोकं. नळाजवळची रोपं तळ्यात आणि टोकाची तहानलेली, कारण प्रत्येक भोकाशी दाब कमी कमी होत गेला. ती नळी फेकणार होते. मग तिचं मोकळं टोक फिरवून आणलं आणि टी जोडानं त्याच नळाला जोडलं, म्हणजे पाणी दोन्हीकडून येऊ लागलं. सगळ्या रोपांना अगदी सारखं पोचत नाही, पण भांडण मिटलं.

सगळ्यात कामाची वस्तू कोणती म्हणाल तर बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम. गंजत नाही, अंगभर भोकं आधीच पाडलेली, मुळं खाणाऱ्या उंदरा-घुशीला आत शिरता येत नाही. एका ड्रममध्ये गाजरं आहेत. दुसरा आडवा टाकून खालून चार चाकं लावून घेतली आणि त्यात खत चाळते. ओलसर खत घालून फिरवलं की बारीक खाली पडतं, काड्या आणि दगड आत राहतात. कपडे घुसळण्यासाठी बनलेली वस्तू घुसळण्याच्याच कामावर आहे, म्हणूनच जमतंय असं मला वाटतं. बुटाला कुंडीचं काम दिलं की तो बिचारा सहा महिन्यांत तोंड वासतो.

बंद फ्रिज बियाणं आणि कोंबड्यांचा दाणा ठेवायला उत्तम, उंदीर पत्रा कुरतडत नाही. मात्र जुन्या खटक्याच्या दाराचे फ्रिज आतून उघडत नाहीत. खेळता खेळता लपलेली मुलं त्यात गुदमरली आणि म्हणून अमेरिकेत १९५६ साली दार आतून उघडलंच पाहिजे असा कायदा करावा लागला. तेव्हा खटका आधी काढून टाका. फ्रिज कापायला किंवा त्याच्या नळ्या तोडायला मात्र स्वतः जाऊ नका, आतला वायू काढणं जाणकाराचं काम आहे.

एक मतभेदही नोंदवते. आपल्या लेखात कुंडीच्या तळाशी फुटक्या कपबश्यांचा थर द्यावा म्हणजे निचरा होतो असं लिहिलं होतं. होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरायला नाखूश असतं, वरची माती पूर्ण भिजून टचटचीत झाल्याशिवाय ते खाली जात नाही. थर दिला की पाणी साचण्याची जागा तेवढी वर सरकते, मुळांच्या जवळ. भोक मोकळं हवं आणि माती भुसभुशीत, इतकंच. आणि तो बाथटब गच्चीवर ठेवणाऱ्यांना कोणीतरी सांगा की दीडशे लिटर ओल्या मातीचं वजन अडीचशे किलोच्या आसपास भरतं, टबाचं वेगळं.

माझी मागणी छोटी आहे. असे फोटो छापाल तेव्हा खाली एक ओळ जास्त छापा: ही वस्तू कशाची बनलेली आहे, आधी तिच्यात काय होतं आणि बागेत ठेवून किती दिवस झाले.

जाता जाता, आपल्या अंकाची आमच्याकडे कशी वासलात लागते तेही कळवते. वाचून झालेल्या पानांच्या पट्ट्या बाटलीभोवती गुंडाळून, तळ दुमडून मी रोपांच्या पुड्या करते. रोप पुडीसकट लावता येतं, मुळांना धक्का लागत नाही. फक्त वरची कडा मातीबाहेर राहू द्यायची नाही, फाडून टाकायची. ती वातीसारखी पाणी वर खेचते आणि पुडी आत कोरडी पडते. या खेपेला टोमॅटोची चाळीस रोपं आपल्या अग्रलेखांत उगवली आहेत. ती बागेच्या फोटोंची पुरवणी मात्र गुळगुळीत चकचकीत कागदावर छापलेली होती. तिची पुडी धड वळत नाही, पाणीही शोषत नाही. ती तशीच कपाटात ठेवली आहे.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक