अकराव्या दिवशी तुला लिहिलेलं पत्र

प्रिय मनू,

रात्री दोन वाजता तुझा मेसेज आला, "मी चूक केली का गं?", तो मी सकाळी पाहिला आणि चहा ठेवायच्या आधी तुला फोन लावणार होते, पण फोनवर तू रडली असतीस आणि मग मीपण, आणि जे सांगायचंय ते सगळं राहूनच गेलं असतं. म्हणून लिहायला बसलेय. मोठं होणार आहे पत्र, तू दोनदा तीनदा करून वाच, तसंही आता तुझं सगळंच घोट घोट चाललंय.

आधी हे सांगते की हे वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेण्यात तू चूक केलेली नाहीस. मला माझ्या ऑपरेशननंतर बरोब्बर दहाव्या-बाराव्या दिवशी असंच झालं होतं. हॉस्पिटलमधली गडबड संपलेली असते, भेटायला येणारे येऊन गेलेले असतात, टाके ओढत असतात, आणि घरात फोडणीचा वास सुटला की वाटतं की आपण हे आयुष्यभराचं काय करून बसलो. पोटाला भूक नसते पण जिभेला असते, आणि त्या दोघींचं भांडण तुझ्या डोक्यात चालू असतं. खूप जणींना दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात असं होतं, मला माझ्या डाएटिशियनने सांगितलं तेव्हा कुठे हायसं वाटलं, म्हणून तुला आधीच सांगून ठेवते.

आणि तुझी नणंद म्हणाली ना, "एवढी काही जाड नव्हतीस, कशाला पोट कापून घेतलंस", ते मनाला लावून घेऊ नकोस. तिला माहीत नाही एवढंच. अगं तुझ्या पुण्यातलेच डॉक्टर आहेत, केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक, त्यांनी आणि एका ब्रिटिश डॉक्टरांनी मिळून 2004 मध्ये लॅन्सेट नावाच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. म्हणजे आपल्या लोकांच्या अंगावर दिसत नाही तेवढी चरबी आत असते, पोटात, लिव्हरवर, आणि शुगर बीपी लवकर मागे लागतं. म्हणूनच आशियाई लोकांसाठी या ऑपरेशनची बीएमआयची अट पण कमी धरतात. तुझा 38 होता, शुगर होती, रात्री घोरताना श्वास अडकायचा. हे सगळं तुझ्या नणंदेने नाही सोसलं, तू सोसलंयस.

आता मुद्द्याचं. तू विचारलंस की सासूबाई म्हणतात थोडा मऊभात खा, ताकद येईल, खाऊ का? नको. आत्ता नको. मी हात जोडून सांगते. तुझं पण माझ्यासारखंच स्लीव्ह झालंय ना, म्हणजे जठराचा जवळजवळ पाऊण ते ऐंशी टक्के भाग काढून टाकलाय आणि उरलेल्याची केळ्यासारखी लांबट नळी केलीये, आणि त्या नळीच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत स्टेपलरच्या पिनांची शिवण आहे. ती शिवण आत भरून येतेय अजून. बाहेरच्या चार-पाच भोकांवरची पट्टी निघाली म्हणजे आतलं बरं झालं असं नाही. पहिले दोन आठवडे पातळ, मग साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत मिक्सरमधून काढलेलं, मग सहाव्यापर्यंत मऊ, आणि त्यानंतर हळूहळू घरातलं नेहमीचं, असं मला होतं. तुझ्या डॉक्टरांनी जे दिवस लिहून दिलेत तेच धर, माझे नको, प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. पण पायरी गाळायची नाही हे सगळ्यांना सारखंच.

मला ज्या हॉस्पिटलने डिस्चार्ज दिला त्यांनी हातात इंग्रजी झेरॉक्स दिली होती, त्यात अॅव्होकॅडो, किन्वा, ग्रीक योगर्ट आणि कसली तरी जेली. सांगलीत मी ते कुठून आणणार होते आणि का आणणार होते? वरणाचा उल्लेख नाही, ताकाचा नाही, पिठल्याचा नाही. मला अजूनही राग येतो त्या कागदाचा, कारण पहिला आठवडा मी फक्त नारळपाणी आणि गाळलेल्या सुपावर काढला, प्रोटीन शून्य, आणि मग चक्कर येऊन बाथरूमच्या दारात बसले. आपल्या घरात जे आहे तेच चालतं गं, फक्त कसं करायचं ते कुणीतरी सांगायला हवं.

तर ऐक. मुगाची डाळ मऊसूत शिजवून, हिंग-जिरं घालून, गाळून घ्यायची, मिरची नाही. ताक, लोणी काढलेलं. साय काढलेलं दूध पचत असेल तर दूध, आणि त्यात प्रोटीन पावडर डॉक्टरांनी सांगितली असेल ती, कारण दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन या एवढ्याशा पोटात नुसत्या वरणाच्या पाण्याने जन्मात होणार नाही. एका स्कूपमध्ये साधारण वीस-पंचवीस ग्रॅम मिळतं. मिक्सरचे दिवस आले की ताकातलं पातळ पिठलं कर, माझं तेच अमृत होतं, आणि चक्का, आणि पनीर दुधात कुस्करून वाटलेलं. मग मऊच्या दिवसात अंडं, अगदी मऊ भुर्जी, तू खातेस म्हणून सांगते. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, हे मी वहीत लिहून फ्रीजवर लावलं होतं आणि रोज रात्री बेरीज करायचे. आधी ती प्रोटीनची गोष्ट खायची, मग भाजी, आणि भात-पोळी सगळ्यात शेवटी जागा उरली तर. आपल्याकडे उलटं असतं ना, भाताला बाकीचं लावून खायचं, ही सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

भांडं बदल. हे ऐकायला साधं वाटतं पण माझं निम्मं काम त्याने झालं. मिसळणाच्या डब्यात मोहरी-हळदीच्या ज्या छोट्या वाट्या असतात ना, तसली एक जास्तीची वाटी माझ्याकडे पडून होती, ती घेतली आणि लहान मुलाचा चमचा. आईने तर कपाटातून माझ्या लेकाचं चांदीचं बोंडलं काढलं, घासून लख्ख केलं, आणि पाणी त्यातून दिलं, कारण पेल्याने मोठा घोट जायचा आणि छातीत कळ यायची. बोंडल्याच्या टोकातून येतं तेवढंच पाणी तोंडात धरायचं, मग गिळायचं, मग दोन-तीन मिनिटं थांबायचं. आई समोर बसून घड्याळ बघायची. असं करत करत दिवसाला दीड लिटर पूर्ण व्हायला मला पंधरा दिवस लागले, पण झालं. आणि घन खायला लागलीस की जेवताना पाणी नाही, जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास नाही. सोडा-कोल्ड्रिंक तर अजिबात नाही.

आता माझी फजिती सांगते, ही मी तुला तेव्हा सांगितली नव्हती. ऑपरेशनला सहावा आठवडा होता, नात्यात वास्तुशांत होती, आणि मी गेले. पंगतीत बसले कारण वेगळं बसलं की चार जण विचारतात. वाढणाऱ्या काकू आग्रहाच्या, "एवढीच पोळी? एक घासही नाही खाणार?" आणि मी लाजेपोटी घास घेतला, भाजीत बुडवून, आणि बोलता बोलता, नीट न चावता गिळला. मनू, तो घास छातीच्या मधोमध अडकला. खाली जाईना, वर येईना. तोंडात लाळ सुटायला लागली, इतकी की गिळता येईना, मी उठून मागच्या मोरीवर गेले आणि वीस-पंचवीस मिनिटं नुसता पांढरा फेस थुंकत उभी होते, नळ चालू ठेवून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. शेवटी तो घास वर आला. बाहेर बायका हळदीकुंकू घेत होत्या.

खरं वाईट त्याच्या पुढचं आहे. मी घाबरले आणि लपवलं. नवऱ्याला पण नाही सांगितलं. पुढे आठ-दहा दिवस काहीही खाल्लं की उलटी व्हायची, मी म्हणायचे ऑपरेशननंतर होतच असेल, आणि गोड पन्हं नि सरबत पिऊन दिवस ढकलले. पाय जड झाले, मुंग्या यायला लागल्या, जिना चढताना तोल जायचा, तेव्हा कुठे फोन केला. डॉक्टर इतके रागावले. सतत उलट्या झाल्या की शरीरातलं बी-वन, म्हणजे थायमिन, बघता बघता संपतं, आणि त्याने नसांवर आणि मेंदूवर परिणाम होतो, आणि अशा वेळी दुसऱ्या कुणी न विचारता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर आणखी बिघडू शकतं, आधी बी-वन द्यावं लागतं. मला वेळेवर इंजेक्शनं मिळाली म्हणून ठीक झालं. म्हणून तुला सांगते, एखाद्या वेळी घाईने खाऊन उलटी झाली तर समजू शकतो, पण रोजची उलटी ही नॉर्मल नाही. कुणी काहीही म्हणो. आणि कुठल्याही दवाखान्यात गेलीस तर पहिलं वाक्य हेच, माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालंय.

आत्ताच्या दिवसांत आणखी काही गोष्टी आहेत ज्यासाठी सकाळची वाट बघायची नाही. ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, बसल्या जागी नाडी 120 च्या पुढे, दम लागणं, एका पिंढरीला सूज आणि दुखणं, काळी शी, किंवा पाणीसुद्धा पोटात टिकत नाही. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी फोन करायचा. नाडी मोजता येते ना तुला? भावजींनापण शिकव. आणि चालत राहा, घरातल्या घरात का होईना, तासातासाला, आणि ते तीन रंगीत चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र कोपऱ्यात टाकू नकोस, त्यात फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा.

गोळ्यांचं तर तुला भरपूर बोलणार आहे मी. शुगरची आणि बीपीची गोळी जुन्याच डोसने चालू ठेवू नकोस, खाणं एवढं कमी झालंय की शुगर एकदम खाली येऊ शकते, रोज तपासून डॉक्टरांना कळव. डोकं दुखलं म्हणून घरातली कुठलीही पेनकिलर घ्यायची नाही, विचारूनच. मल्टिव्हिटॅमिन, बी-ट्वेल्व्ह, डी, लोह आणि कॅल्शियम हे आता जन्मभराचे सोबती आहेत, आणि लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही घ्यायचं, मध्ये दोन तास जाऊ देत. बी-ट्वेल्व्हचं तर अजिबात टाळू नकोस, तू अंडं सोडलं तर शाकाहारी, इतकी वर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतलीस, त्यानेपण ते कमी होतं, आणि आता जठरच छोटं झालं. मी आठव्या महिन्यात सगळं छान चाललंय म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या, हिमोग्लोबिन नऊवर आलं. वजन घटवताना पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून पण बऱ्याच जणांना सहा महिने गोळी देतात, तुला दिलीये का ते बघ, नसेल तर विचार.

केस गळतील. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात विंचरताना हातात पुंजके येतील आणि तू मला परत रात्री दोनला मेसेज करशील. कर. माझी वेणी अर्धी झाली होती. मग परत आले, कपाळावर आधी बारीक बारीक पोरींसारखे केस उगवले. प्रोटीन आणि लोह नीट असेल तर बहुतेक वेळा परत येतात.

भूक आत्ता लागत नाही ना, कारण भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन बनवणारा जठराचा वरचा भागच बराचसा काढलाय. पण ती पुढे थोडी थोडी परत येते, मला वर्षाने जाणवायला लागली. त्या वर्षभरात हाताला आणि तोंडाला नवी सवय लागली तर लागली. मी अजूनही घास तोंडात टाकला की चमचा खाली ठेवते, पंचवीस वेळा चावते, पोट भरलं की आधी एक उचकी येते, ती आली की वाटीत अर्धा चमचा उरला तरी ताट सारते. अन्न टाकायचं नाही हे आपल्या हाडात आहे, मला पहिले सहा महिने त्या अर्ध्या चमच्याचं वाईट वाटायचं. आता आधीच कमी वाढून घेते.

दोन वर्षांत 112 वरून 79 वर आलेय. पण तुला खरं सांगू, वजनकाट्यापेक्षा मला तो दिवस आठवतो जेव्हा मी हरिपूरला संगमेश्वराच्या मागच्या घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसले आणि मग कुणाचा हात न धरता परत वर आले. आपण कॉलेजात असताना शेवटचं केलं होतं ते.

सासूबाईंना मी सांगेन, तू वाद घालू नकोस. त्या काळजीने म्हणतात, त्यांना काय करायचं ते दिलं तर त्या मुगाचं पाणी तुझ्यापेक्षा निगुतीने करतील. शनिवारी सकाळच्या एसटीने निघते, दुपारपर्यंत पोचेन. तेव्हा तुझे मिक्सरचे दिवस सुरू झालेले असतील, चक्का घरी टांगून बांधून आणते, आणि पिठलं मी स्वतः करून दाखवीन त्यांना. बोंडलंही आणते, आईने तुझ्यासाठी घासून ठेवलंय. तोपर्यंत रोज संध्याकाळी मला तीन आकडे पाठव, पाणी किती, प्रोटीन किती, नाडी किती. बाकी काही लिहायचं नसेल तर नको लिहूस.

तुझीच,
शेजारच्या बाकावरची