त्याच दिवशी घरी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईने विचारले होते, "पेशंटला संध्याकाळीच घरी पाठवता, ते खाटा नाहीत म्हणून का?" घाईत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

खाटांची टंचाई इथे इंग्लंडमध्ये आहेच, ती मी नाकारत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय आरोग्य योजनेत मोठ्या रुग्णालयांना, रुग्णाला तपासून, उपचार करून त्याच दिवशी घरी सोडणारा विभाग रोज किमान बारा तास, आठवड्याचे सातही दिवस चालवायला सांगितले, त्यामागे तीही चिंता होती. पण मी अशाच विभागात काम करते, आणि तिथे रुग्णाला लवकर वाटेला लावत नाहीत. इतर ठिकाणी दाखल करून तीन दिवसांत होणारे काम एका दिवसात उरकतात. पोटरी सुजलेला माणूस सकाळी येतो, त्याचे रक्त तपासतात, गरज असेल तर डॉप्लर सोनोग्राफी करतात, आणि शिरेत गुठळी आढळली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या समजावून दुपारी घरी सोडतात. पूर्वी याच आजारासाठी हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची सलाइन लावून कित्येक दिवस झोपवून ठेवत असत. त्याच प्रकारच्या औषधाचे इंजेक्शन घरी घेणेही तितकेच सुरक्षित असते, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी दाखवले.

बाबा, दोन वर्षांपूर्वी तुमच्या पायाला सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखाली जंतुसंसर्ग, झाला, तेव्हा तुम्ही चार रात्री रुग्णालयात काढल्या. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत 'दाखल होणे' म्हणजे किमान २४ तास, आणि ओपीडीचा खर्च त्यांत सहसा बसत नाही; त्यामुळे आपल्याकडे माणूस नाइलाजाने खाटेवर जातो. इथे तशा रुग्णाच्या लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढतात, शिरेतून दिवसातून एकदा अँटिबायोटिक देतात आणि दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली का ते पाहतात. रात्री तो आपल्या अंथरुणात झोपतो, सकाळी स्वतः उठून चहा करतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या पायांतली शक्ती नुसत्या झोपून राहण्याने किती लवकर जाते, हे त्या चार रात्रींनंतर तुम्ही भिंत धरून चालत होता तेव्हा आईने पाहिले आहे.

पण सगळ्यांत जास्त मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच दुखण्याविषयी. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलताना शब्द अडखळणे, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळे पूर्ववत होणे: याला टीआयए म्हणतात, आणि खरा पक्षाघात पुढच्या काही दिवसांतच येण्याची भीती असते. ऑक्सफर्डमध्ये अशा आणि सौम्य पक्षाघाताच्या रुग्णांना अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच तपासून त्याच दिवशी डॉक्टर औषध सुरू करू लागले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नव्वद दिवसांत पुन्हा पक्षाघात होणाऱ्यांचे प्रमाण शंभरातल्या सुमारे दहांवरून दोनांवर आले. औषधे फारशी नवी नव्हती, ती वेळेवर पोहोचली एवढाच फरक होता. म्हणून आई, बाबा "आता बरे वाटते आहे" म्हणाले तरी थांबू नकोस. त्याच तासाला १०८ ला फोन कर. डॉक्टरांनी दाखल करायचे म्हटले तर मुकाट्याने दाखल व्हा, कारण आपल्या गावात इथल्यासारखी सोय नाही आणि तिथे तोच योग्य मार्ग आहे.

इथेही सगळे घरी जात नाहीत. ज्याला प्राणवायू लागतो, ज्याचा रक्तदाब घसरला आहे किंवा जो गोंधळल्यासारखा बोलतो, त्याला आम्ही दाखलच करतो. घरी कोणी नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला सोडताना मात्र माझा हात कागदावर थबकतो, कारण रात्री बिघडले तर फोन करायचा नंबर आपण दिला, तरी तो फोन उचलायचे त्राण त्याच्यात असेल का, हे कळत नाही. परवा तशा एका आजींना मी एक रात्र ठेवून घेतले.

बाबांच्या गोळ्यांची यादी, मात्रेसकट, एका कागदावर लिहून मेडिक्लेमच्या कार्डाशेजारी ठेवा. रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारतात.

तुमची,
धाकटी