बेलीफचं घर आणि आमची पडवी

प्रिय दिन्या,

गुडघा ठीक आहे, साखर काठावर. पुरे. तू दिवाळीनंतर आमच्या घराचं मोजमाप घ्यायला राजापूरला जाणार, त्याआधी हे तुझ्या कानावर घालायलाच हवं.

परवा मुलाने ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात नेलं. खेड्यापाड्यांतली जुनी घरं सोडवून आणून तिथे पुन्हा उभी केली आहेत. त्यातलं बेलीफ (घराचं नाव, कोर्टाचा बेलीफ नव्हे) हे केंटमधलं शेतकऱ्याचं घर, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. चिडिंगस्टोनजवळ बाऊ बीच तलाव व्हायचा होता, म्हणून 1968-69 मध्ये सुटं केलं आणि 1972 मध्ये इथे जोडलं. ओकचे खांब, तुळया, वासे. सांधे कुसवांचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत, त्यांत लाकडी खुंट्या. लाकूड ओलं असतानाच घडवायचे, वाळेल तसा सांधा आवळत जातो. तुझे बाबा असते तर तिथून हलले नसते. आणि भिंती चक्क कुडाच्या! काटक्या विणून वर माती, शेण, पेंढ्याचं लिंपण. साहेबाच्या घराला शेण पाहून तुझी आजी कशी हसली असती!

दोन्ही टोकांना पुढे काढलेल्या माड्या, मधे मोठी खोली, सगळ्यावर एकच छप्पर. ही मधली खोली जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळी. जमिनीवरच जाळ, धुराडं नाही. धूर छपरातून वाट काढायचा. मान वर केली की काजळीने काळे झालेले वासे दिसतात. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज आणि झडपा.

माझी झोप उडाली ती पुढचं ऐकून. नंतरच्या पिढ्यांनी तिथे धुराडं बांधलं, मोकळ्या खोलीत मजला घातला. संग्रहालयाने जोडताना ते गाळलं आणि घर सोळाव्या शतकातल्या रूपात उभं केलं. म्हणजे नाशिकच्या वाड्यावरून तू भांडलास तेच: मागाहूनची भर उतरवा, मूळ दिसू द्या. तिथे असतास तर मिशीत हसला असतास. हस, पण ऐक. धुरात पिढ्या काढून जी माणसं पहिल्यांदा डोळे न चोळता त्या घरात बसली, त्यांचं घर कुठे गेलं रे? शिवाय बेलीफचं एक टोक साधारण शंभर वर्षांनी जोडलेलं आहे, ते मात्र ठेवलं. मग भर कुठली आणि मूळ कुठलं, हे कुणी ठरवायचं?

आमच्या चुलत भावांना पाहुण्यांसाठी 'अस्सल कोकणी घर' हवंय. त्यांच्या यादीत पहिली जाते ती बाबांची सिमेंटची पडवी आणि माजघरावरचा माळा. दिसायला ओबडधोबड आहे, मान्य. पण आईला चुलीपाशी अंधारात डोळे फोडावे लागत म्हणून बाबांनी छपरात काचेचं कौल बसवलं, तेही यादीत आहे. ते कौल गेलं तर मी त्या घरात पाय ठेवणार नाही, हे त्यांना तूच सांग. माझं ते ऐकत नाहीत.

सईला नोकरी लागली हे वाचून फार बरं वाटलं. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. जमिनीच्या खटल्याचं फोनवर बोलू.

नकाशात पडवी, माळा, कौल सगळं घे. वेगळ्या रंगाने नको, बाकीच्या घराच्याच शाईने काढ. माळ्याची शिडी डुगडुगते, किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे.

तुझा,
अवि