पाचटाला पंचनाम्यात रकाना नाही म्हणे! कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात शेजारच्या रानात लावलेली आग बांध ओलांडून आली आणि माझ्या दोन एकर खोडव्यातलं (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकातलं) पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, जळून गेलं. ऊस तुटल्याबरोबर कुट्टी करून सरीत पसरलं होतं. युरिया, सुपर फॉस्फेट, पाचट कुजवणारे जिवाणू, सगळं आणून ठेवलं होतं. पाण्याची पाळी लांबली, म्हणून ते टाकायचं राहिलं. पाळी का लांबली ते विचारू नका. आम्ही विचारलं, कुणी सांगितलं नाही.

पंचनाम्याला आलेला कर्मचारी बांधावरूनच म्हणाला, "काका, पीक कुठं जळालंय? कचराच जळालाय की. याला रकाना नाही." खोडव्याचे कोंब करपलेले दाखवले, तर म्हणाला, फुटतील परत. चहा पिऊन गेला.

साहेब, तो कचरा नव्हता. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, त्यात चाळीस टक्क्यांवर निव्वळ कर्ब, म्हणजे कार्बन. मातीतले जिवाणू आणि बुरशी यावर जगतात. त्यांना तोंड नाही, म्हणून विकरं (एन्झाइम) बाहेर सोडून काडी विरघळवतात आणि त्यातली साखर शोषून घेतात. काही कर्ब श्वासावाटे हवेत जातो, काही त्यांच्या शरीरात राहतो. ते मेले की त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात. जमिनीत टिकणाऱ्या कर्बाचा मोठा वाटा या मेलेल्या जिवाणूंचाच असतो. जिवंत मुळंही त्यांना रोज थोडी साखर पाझरून देतात, पण नुसत्या तेवढ्यावर आमच्या जमिनीचं भागत नाही.

त्यांना नत्रही लागतं. पाचटात शंभर भाग कर्बामागं जेमतेम एक भाग नत्र, जिवाणूंच्या अंगात मात्र आठ-दहा भागांमागं एक. कमी पडलेलं नत्र ते मातीतून ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. म्हणूनच टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो जिवाणू अशी शिफारस आहे. माझी नव्हे, आपल्याच कृषी विद्यापीठाची! म्हणजे तुमचंच विद्यापीठ सांगतं जपा आणि तुमचाच माणूस म्हणतो कचरा.

2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका वाटताय. त्यात 12 घटक: सामू (पीएच), क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह आणि बाकीचे. जिवंत काय आहे, याची एकही तपासणी नाही. बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना. माझ्या आणि चुलतभावाच्या पत्रिकेत कर्बाचा आकडा शंभरावा भागसुद्धा न चुकता सारखा आहे. त्याची जमीन चोपण, क्षारांनी बिघडलेली, माझी काळी! छान जुळवलंय.

उलट युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना. खतांवरचं केंद्राचं अनुदान वर्षाला दीड लाख कोटींच्या पुढं. थोडं इकडंतिकडं असेल, तुमच्याकडं हिशोबनीस आहेत, तपासून घ्या. जिवाणूंना खाऊ घालणाऱ्याला यातला छदाम मिळत नाही. काडी ओढून मोकळा होणारा शहाणा, आणि भाड्याचं यंत्र आणून रात्री कुट्टी करणारा खुळा. माझे यंत्राचे पैसे गेले, खोडवा गेला, बायको म्हणते आता तुम्हीपण पेटवा.

पैसे तरी कुठून आणायचे? ऊस गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यायचं, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते वाचून कारखानदार हसत असतील. निवडणूक आली की हेच सगळे एका स्टेजवर, आणि आम्ही खाली सतरंजीवर. कायदा गरिबाच्या बांधावर आला की त्याला रकाना लागतो, त्यांच्या दारात गेला की खुर्ची मिळते.

तर पंचनाम्यात पाचटाला जागा द्या. पत्रिकेत मातीच्या श्वसनाची तपासणी घाला. ओली माती बरणीत बंद करून किती कार्बन डायऑक्साइड निघतो ते मोजायचं, त्याला रॉकेट लागत नाही. कुट्टी करणाऱ्याला एकरी काहीतरी द्या. आणि पाण्याची पाळी वेळेवर सोडायला लावा. "ते खातं आमचं नाही" हे उत्तर येणार, ठाऊक आहे. जलसंपदा मंत्र्यांना याची प्रत आधीच धाडली आहे.

आपला,
कृष्णाकाठचा एक ऊस उत्पादक